डार्विनच्या घरातले १८५८

जीवशास्त्राच्या इतिहासात १८५८ हे साल एका टपालासाठी लक्षात ठेवले जाते. मलाया द्वीपसमूहातल्या तर्नाते बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेसने पाठवलेले पाकीट जूनमध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात पोचले. चार्ल्स डार्विनने ते उघडले आणि वीस वर्षे मनाशी जपलेला सिद्धांत दुसऱ्याच्या हस्ताक्षरात त्याच्यासमोर आला. त्यानंतरची हकिगत बहुतेक ठिकाणी शर्यतीसारखी सांगतात. कोण आधी, कोण मागाहून, कुणाचा मान कुणाला मिळाला, एवढ्यावरच सारा भर. मला ही मांडणी अपुरी वाटते. त्या वर्षीची डार्विनची पत्रे आणि घरच्यांच्या आठवणी एकत्र ठेवल्या की शर्यत बाजूला पडते आणि एक कुटुंब दिसू लागते. पन्नाशीला टेकलेले आईवडील, सात मुले-मुली, एक तान्हे बाळ, गावात शिरलेली साथ आणि या सगळ्याच्या आगेमागे भुंगे, मुंग्या, भुंगेरे यांच्या मागे कुंपणाकुंपणाने फिरणारी पोरे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाची वीण या घरात पडली, आणि त्या विणीत शोक व छंद यांचे धागे वेगळे काढता येत नाहीत.

डाउन हाउस हे घर डार्विनने १८४२ मध्ये घेतले. लंडन तिथून सुमारे सोळा मैलांवर, म्हणजे गरज पडली तर जाता येईल आणि एरवी कुणी सहज येणार नाही असे अंतर. प्रकृती सदाची नाजूक. उलट्या, थकवा, धडधड. माणसांच्या गर्दीत दोन तास बसला तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जायचे. म्हणून त्याने आपले जग या घराभोवती उभे केले. शेजारच्या लबक कुटुंबाकडून जमिनीची एक चिंचोळी पट्टी भाड्याने घेऊन तिच्यात हेझल, बर्च, हॉर्नबीम, हॉली अशी झाडे लावली आणि सभोवती वाळूखडीची पायवाट केली. तिचे नाव सँडवॉक. रोज ठरल्या वेळी तो तिथे फेऱ्या मारी. वळणावर गारगोट्यांचा ढीग ठेवी आणि फेरी पुरी झाली की पायाने एक गारगोटी बाजूला सारी. फेऱ्या मोजण्यात डोके अडकू नये म्हणून. चरित्रकारांनी ही विचारवंताची वाट म्हणून रंगवली, पण मुलांच्या लेखी ती खेळायची जागा होती. वडील फेऱ्या मारत असताना पोरे त्याच झाडीत हुंदडत असत, आणि वडिलांना त्याचा त्रास होत नसे.

हे घर मुलांना काही गोष्टींपासून दूर ठेवणारे नव्हते. वडिलांनी १८४६ पासून आठ वर्षे बार्नॅकल या समुद्री कवचधारी प्राण्यांवर काम केले. त्या काळात एका मुलाने शेजारच्या घराबद्दल, तिथले गृहस्थ आपले बार्नॅकल कुठे करतात, असे विचारल्याची गोष्ट कुटुंबात सांगितली जाई. प्रत्येक बाप हेच करतो अशी त्याची समजूत. पुढे १८५५ मध्ये बिया खाऱ्या पाण्यात किती दिवस जगतात याचे प्रयोग घरात सुरू झाले. समुद्र ओलांडून वनस्पती बेटांवर कशा पोचत असतील याचे उत्तर त्यातून हवे होते. बिया इतके दिवस तगतील यावर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरचा विश्वास नव्हता. मुलांनी त्याला सामन्याचे रूप दिले. तुम्ही डॉक्टर हूकरना हरवणार का, असे ती वडिलांना पुन्हा पुन्हा विचारत. त्याच वर्षी मुलांच्या शिक्षिकेला, मिस थॉर्लीला, बरोबर घेऊन डार्विनने घराजवळच्या एका कुरणातल्या सगळ्या वनस्पतींची मोजदाद केली. १४२ जाती भरल्या.

पण या घराचा खरा सामूहिक छंद म्हणजे भुंगे. आपल्याकडे घराच्या वाशांना भोके पाडणारा काळा भुंगा असतो तो हा नव्हे. हा थंड प्रदेशातला, अंगभर दाट लव असलेला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. आपल्या देशात तो हिमालयात भेटतो. १८५४ च्या सप्टेंबरात एका मुलाला असे काही भुंगे एका झाडाच्या बुंध्याशी येताना दिसले. घरटे असेल असे समजून पाहिले तर घरटे नव्हतेच. भुंगा यायचा, बुंध्यापाशी क्षणभर घोंगावायचा आणि निघून जायचा. थोड्या वेळाने दुसरा यायचा, तोही त्याच जागी घोंगावायचा, त्याच दिशेने जायचा. हे सगळे नर होते. डार्विनचे कुतूहल चाळवले आणि त्याने घरातली सेना कामाला लावली.

रीत अशी होती. भुंग्यांचा मार्ग कुंपणाच्या कडेने, झुडपांतून, एका कोरड्या चरातून जाई, आणि वाटेत त्यांचे घोंगावण्याचे ठराविक थांबे असत. डार्विनने पाच-सहा मुलांना एकेका थांब्यावर उभे केले. भुंगा आला की तिथल्या मुलाने ओरडायचे, भुंगा आला! मग पुढच्या थांब्यावरचे मूल सावध व्हायचे, त्याच्याकडे भुंगा पोचला की तेही ओरडायचे, आणि अशी हाळी कुंपणाच्या कडेने पुढे पुढे सरकायची. चराच्या भागात झाडी इतकी दाट की मोठ्या माणसाला शिरता येईना. तिथे मुलांना पोटावर सरपटत पाठवले. थांब्यावरचे गवत काढून टाकून, वर पीठ भुरभुरून पाहिले. जागेचे रूप पालटले तरी भुंगे बधले नाहीत. जागा बोटभरसुद्धा सरकली नाही. सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट ही की पुढच्या वर्षीही मार्ग तेच राहिले. नर भुंगे हिवाळ्यापूर्वी मरतात. पुढच्या उन्हाळ्यात येतात ते सर्वस्वी नवे जीव, मागच्या वर्षीच्या कुणाशीही ज्यांची भेट झालेली नाही. त्यांना वाट कुणी दाखवली?

डार्विन आणि त्याची मुले १८६१ पर्यंत, मधून मधून, हे पाहत राहिली. उत्तर त्यांना सापडले नाही. ते विसाव्या शतकात लागले. नर भुंगे सकाळी आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून झरणारा गंध पानांवर, सालींवर लावून ठेवतात आणि मग माद्यांच्या शोधात त्या गंधखुणांवरून दिवसभर फेऱ्या घालतात. उत्तर हाती नसतानाही इतकी वर्षे चिकाटीने पाहत राहणे हे मला त्या घराचे सर्वांत मोठे शिक्षण वाटते. त्यातली बहुतेक मुले तेव्हा दहा-बारा वर्षांच्या आतली होती.

१८५८ उजाडले तेव्हा त्यांचा थोरला भाऊ विल्यम अठरा वर्षांचा झाला होता. त्याच्या पाठोपाठची दोन मुले आता नव्हती. अ‍ॅनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी मॅल्व्हर्नला जलोपचार चालू असताना गेली. मेरी १८४२ मध्ये जन्मून तीनच आठवडे जगली होती. राहिलेल्यांत हेन्रिएटा, म्हणजे घरातली एटी, चौदा वर्षांची. मग जॉर्ज बारा, बेसी दहा, फ्रँक नऊ, लेनी आठ आणि होरेस सहा. सर्वांत धाकटा चार्ल्स वॉरिंग. त्याचा जन्म ६ डिसेंबर १८५६ चा. डार्विनची बायको एमा हिचे वय तेव्हा ४८ होते आणि हे तिचे दहावे बाळंतपण.

बाळ दीड वर्षाचे होत आले तरी चालत नव्हते, बोलत नव्हते. त्याला डाउन सिंड्रोम असावा असा तर्क आजच्या काही अभ्यासकांनी केला आहे. खात्रीने सांगता येईल असा पुरावा नाही. एटीने पुढे वयस्क झाल्यावर लिहिताना त्याच्या बुद्धीची वाढ पुरती नव्हती असे सरळ लिहून ठेवले आणि आईवडील त्याच्याशी अपार मायेने वागत हेही लिहिले. बाळ फारसे आजारी पडत नसे, रडतही कमी. वडिलांच्या मांडीवर पडून त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहण्यात त्याचा वेळ जाई. मध्येच आपली बोटे त्यांच्या तोंडात घाली. त्याला हातावर उभे करून हवेत उडवले की खुशीचा एक आवाज काढी. घरातला जुना बटलर पार्स्लो दिसला की दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावे. ओरबाडायचे नाही असे डार्विनने त्याला शिकवले होते. तरी मधूनच एखादा पंजा मारून ते खट्याळपणे हसे. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण बाळ गेल्यावर बापाने ते कागदावर उतरवून ठेवले.

त्या वर्षीचा वसंत डार्विनने कामात आणि दुखण्यात काढला. १८५६ च्या मे महिन्यात, मित्र चार्ल्स लायेलच्या आग्रहावरून, त्याने नैसर्गिक निवडीवरचा मोठा ग्रंथ हाती घेतला होता. दहा प्रकरणे होऊन गेली होती आणि शेवट दृष्टिपथात नव्हता. मधमाश्या मेणाची षट्‍कोनी घरे इतकी नेमकी कशी बांधतात हा प्रश्न त्याला त्या वर्षी छळत होता. त्याने पोळ्यात शेंदरी रंग दिलेल्या मेणाच्या पट्ट्या ठेवल्या आणि माश्या कुठून कोरतात, कोरलेले मेण कुठे नेऊन लावतात ते रंगावरून टिपले. थोडी विश्रांती म्हणून एप्रिलच्या अखेरीस सरे परगण्यातल्या मूर पार्क येथील जलोपचार केंद्रात गेला. तिथून एमाला पाठवलेले त्याचे एक पत्र फार सुंदर आहे. फिरायला गेलेला हा माणूस गवतावर झोपी गेला. जाग आली तेव्हा भोवती पाखरे गात होती, खारी झाडावर चढत होत्या, सुतारपक्षी ओरडत होते, आणि त्या क्षणी हे जीव निर्माण कसे झाले याची आपल्याला काडीचीही फिकीर वाटली नाही, असे त्याने बायकोला कळवले. आयुष्यभर त्याच एका प्रश्नाला जुंपलेल्या माणसाने हे लिहावे! त्याच मुक्कामात त्याला दास बाळगणाऱ्या मुंग्यांची दुर्मीळ वारुळे सापडली. दुसऱ्या जातीच्या मुंग्यांचे कोष पळवून आणायचे आणि त्यांतून निघालेल्या मुंग्यांकडून घरकाम करून घ्यायचे, असा त्यांचा संसार. तासन्‌तास त्या वारुळांशी बसून पाहिलेले पुढे त्याने आपल्या पुस्तकाच्या सहजप्रेरणेवरच्या प्रकरणात घातले.

मग जून आला. लंडनमध्ये उष्म्याने थेम्सचे पाणी इतके सडले की त्या दुर्गंधीला इतिहासात स्वतंत्र नाव मिळाले आहे. डार्विनच्या सांगण्याप्रमाणे १८ जूनला वॉलेसचे टपाल आले. आपल्याकडे राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या त्या याच दिवसांत, १७ की १८ जून एवढाच वाद आहे. इंग्लंडला तेव्हा हिंदुस्थानातल्या बातम्यांची तहान होती आणि डाउनमधल्या या पाकिटाचा कुणाला पत्ताही नव्हता.

वॉलेस हा काही गबर घरचा नव्हे. पाखरे आणि कीटक पकडून, विकून तो आपला प्रवास चालवी. त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी पिवळ्या तापाने गेला होता. आता तो स्वतः हिवतापाच्या भरात अंथरुणात पडून असताना त्याला सुचले की जगण्याच्या झगड्यात जे तगतात त्यांचेच गुण पुढे जातात आणि त्यातून जाती बदलतात. लेख लिहून त्याने तो विश्वासाने डार्विनकडे धाडला, योग्य वाटला तर लायेलला दाखवा, या विनंतीसह. डार्विनने त्याच दिवशी तो लायेलकडे रवाना केला. आपले सारे वेगळेपण मोडीत निघाले असे त्याला वाटत होते, तरी त्याने लेख दडवला नाही. हे सांगितलेच पाहिजे.

टपाल आले त्याच दिवशी एटी आजारी पडली. घसा सुजला, गिळता येईना. घटसर्प. इंग्लंडमध्ये हा रोग तेव्हा नवाच पसरत होता, डॉक्टरांनाही त्याची पुरती ओळख नव्हती. ती धोक्याबाहेर येते न येते तोच बाळाला ताप भरला. गावात स्कार्लेट फीव्हरची साथ शिरली होती. आज ज्या घशाच्या संसर्गावर पेनिसिलिनची गोळी पुरते त्याने त्या काळी विलायतेत हजारो मुले मरत. डाउनसारख्या लहान खेड्यात तीन मुले दगावली होती, आणखी काही मृत्यूच्या दारात होती. घरात शुश्रूषा करणाऱ्या बायकाही एकामागून एक आजारी पडल्या. बाळाचे शेवटचे छत्तीस तास फार हालाचे गेले. २८ जूनला रात्री ते गेले.

याच आठवड्यात लायेल आणि हूकरची पत्रे येत होती. वॉलेसचा लेख आहे, तुमचे जुने टिपण आहे, काय करायचे? २९ जूनला डार्विनने हूकरला दोनदा लिहिले. पहिल्या पत्रात बाळ गेल्याचे कळवले. दुसऱ्यासोबत १८४४ मध्ये लिहिलेले आपले टिपण पाठवले, ज्यावर हूकरनेच पूर्वी पेन्सिलीने शेरे मारले होते, म्हणजे ते जुने आहे याला तो स्वतःच साक्षी. पण आपल्याला आता काही विचार करवत नाही, आणि आधी कोण याची फिकीर करणेच या घडीला आपल्याला लाजिरवाणे वाटते, अशा आशयाचे त्यात लिहिले. निर्णय त्याने मित्रांवर सोपवला.

मित्रांनी मधला मार्ग काढला. लंडनच्या लिनिअन सोसायटीची जादा बैठक १ जुलैला भरणार होती. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन जूनमध्ये वारले होते, त्यांची जागा भरायची होती. तिथे आधी डार्विनच्या टिपणातला उतारा, मग अमेरिकेतल्या आसा ग्रेला १८५७ मध्ये लिहिलेल्या त्याच्या पत्राचा भाग आणि शेवटी वॉलेसचा लेख, असे सचिवाने वाचून दाखवले. पंचवीस-तीस माणसे हजर होती, चर्चा झाली नाही. दोन्ही लेखकांपैकी एकही तिथे नव्हता. वॉलेस हजारो मैल दूर होता, त्याला यातले काहीच माहीत नव्हते. डार्विन त्या दिवशी डाउनच्या चर्चच्या आवारात आपल्या मुलाला पुरत होता.

वॉलेसची परवानगी न घेता त्याचा लेख दुसऱ्या क्रमांकावर वाचला गेला, हे मला बरोबर वाटत नाही. पत्र जाऊन उत्तर यायला सहा महिने लागले असते. तेवढे थांबले असते तर आकाश कोसळले नसते. पण डार्विनवर कारस्थानाचा आरोप करणाऱ्यांनी त्या आठवड्यातले घर डोळ्यांसमोर आणावे. आत एक मुलगी घसा धरून पडली आहे, एक बाळ पुरायचे आहे, बाकीच्या पाच मुलांना साथीतून वाचवायचे आहे. कारस्थान करायला लागणारी सवड आणि उमेद त्या घरात नव्हती. वॉलेसनेही पुढे कधी तक्रार केली नाही. या प्रसंगाने त्याला आनंदच झाला असे त्याने हूकरला आणि आपल्या आईला कळवले. ‘द मलाय आर्किपेलॅगो’ हे पुस्तक त्याने डार्विनलाच अर्पण केले, आणि उतारवयात वॉलेस पैशाच्या अडचणीत होता तेव्हा त्याला सरकारी पेन्शन मिळावी म्हणून डार्विनने खटपट केली. ती मिळाली, सालीना २०० पौंड.

बाळ गेल्यावर पहिला आवेग ओसरल्यानंतर आईवडिलांच्या मनात सुटकेची, आभाराचीही भावना होती, असे एटीने लिहून ठेवले आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले असते याची काळजी त्यांना होतीच. हे वाक्य वाचून काहींना धक्का बसतो. मला त्यात एमाचा प्रामाणिकपणा दिसतो. देवावर तिचा विश्वास होता, नवऱ्याचा उडाला होता. या फरकाचे दुःख तिने लग्नाच्या आधीपासून बाळगले होते आणि मुलांच्या मृत्यूंनी ते हलके झाले नसणार. तरी दोघांनी त्यावरून एकमेकांना अंतर दिले नाही. शुश्रूषेचा सारा भार त्या महिन्यातही तिच्यावरच होता.

९ जुलैला, जॉर्जच्या तेराव्या वाढदिवशी, कुटुंबाने घर सोडले. प्रथम ससेक्समधल्या हार्टफील्डला, मुलांच्या मावशीकडे, एमाची थोरली बहीण एलिझाबेथ हिच्या घरी. मग दक्षिण किनाऱ्यासमोरच्या आइल ऑफ वाइट या बेटावर. आधी सँडाउन, नंतर शँकलिन. आजारातून उठलेल्या मुलीला समुद्राची हवा हवी होती आणि सगळ्यांनाच ते घर काही दिवस डोळ्यांआड हवे होते. बेटावर पोचतात न पोचतात तोच, १८ जुलैला, डार्विनची सर्वांत थोरली बहीण मेरिअन वारली. तिचे पती दोन वर्षांपूर्वीच गेले होते. तिची पाच मुले आता पोरकी झाली. त्यांना श्रूजबरीच्या माहेरच्या घरात सुझन या अविवाहित मावशीने सांभाळले. तीन आठवड्यांच्या आत त्या कुटुंबातला हा दुसरा मृत्यू.

आणि २० जुलैला, सँडाउनच्या मुक्कामात, डार्विनने लिहायला घेतले. हूकरचा आग्रह होता की मोठ्या ग्रंथाची वाट न पाहता सिद्धांताचा गोषवारा सोसायटीच्या नियतकालिकासाठी द्यावा. तीसेक पानांत आटपेल असा अंदाज होता. संदर्भग्रंथांच्या राशी डाउनला राहिल्या होत्या. किनाऱ्याच्या मुक्कामात, आजारातून उठलेली मुले आसपास वावरत असताना, हाताशी होते ते आठवणीत आणि टिपणांत. मला वाटते ‘ओरिजिन’चा सूर त्यामुळेच तसा लागला. मोठा ग्रंथ तळटीपांनी लादलेला होता. हे पुस्तक एका माणसाने समोरच्याला समजावून सांगावे तसे झाले, आणि त्यात दाखले आले ते घरच्या कबुतरांचे, कुरणातल्या गवताचे, मधमाश्यांचे, मुंग्यांचे. १३ ऑगस्टला कुटुंब घरी परतले. तीस पानांचा गोषवारा वाढत वाढत चौदा प्रकरणांचा झाला.

शरद ऋतूत घर आणखी बदलले. विल्यम केंब्रिजला गेला, ख्राइस्ट्स कॉलेजात, जिथे तीस वर्षांपूर्वी वडील शिकले होते. राहायलाही वडिलांच्याच जुन्या खोल्या मिळाल्या. थोरला घराबाहेर पडला आणि त्याच सुमारास तिसऱ्या मुलाने, फ्रँकने, भुंगेरे जमवायला सुरुवात केली.

हा छंद या घरात वारशाने आलेला होता. केंब्रिजमध्ये असताना चार्ल्सला पुस्तकांपेक्षा भुंगेऱ्यांचा नाद होता. लांबच्या नात्यातला भाऊ विल्यम डार्विन फॉक्स याच्या संगतीने तो ओंडक्यांच्या साली सोलत फिरे. एकदा दोन दुर्मीळ भुंगेरे दोन मुठींत असताना तिसरा दिसला. सोडवेना म्हणून हातातला एक त्याने तोंडात टाकला. त्या किड्याने इतका जळजळीत रस सोडला की जीभ पोळली, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. आता १३ नोव्हेंबर १८५८ ला त्याच फॉक्सला पत्र लिहिताना डार्विनने बातमी दिली की फ्रँकने बॉम्बर्डियर भुंगेरा पकडला आहे. हा किडा डिवचला की मागच्या टोकातून उकळता रस फटाक्यासारखा उडवतो. दोघा भावांना तो तरुणपणी व्हिटलसी मेअर या दलदलीच्या सरोवराकाठी मिळाला होता. ते सरोवर तोवर उपसून शेतजमीन केले गेले होते. फ्रँकला लिसिनस नावाचाही एक भुंगेरा सापडला, जो बापाला कधी मिळाला नव्हता. तो पाहून आपले रक्त जुन्या जोमाने उसळले, असे डार्विनने कळवले. ज्या वर्षी त्याने इतके पुरले त्या वर्षीच्या त्याच्या पत्रांत एवढी उघड खुशी दुसरीकडे मला दिसत नाही. योगायोग असा की त्याच १३ नोव्हेंबरच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’च्या अंकात, मधमाश्यांमुळे शेंगवर्गी फुलांना फळधारणा कशी होते, यावरचा त्याचा लेख छापून आला.

लिनिअन सोसायटीचे अध्यक्ष टॉमस बेल यांनी पुढच्या मे महिन्यात सरत्या वर्षाचा आढावा घेताना, विज्ञानाला एका फटक्यात पालटून टाकणारा शोध या वर्षी काही लागला नाही, असे म्हटले. बिचाऱ्यांचे हे मत आजवर त्यांच्या नावाला चिकटून आहे. ‘ओरिजिन’ २४ नोव्हेंबर १८५९ ला जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती निघाल्या.

मुलांचे पुढे काय झाले? विल्यम साउथॅम्प्टनला बँकर झाला. एटीने वडिलांच्या हस्तलिखितांवर संपादकाची बारीक नजर ठेवली आणि आईची पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. डार्विनच्या घराबद्दल आपल्याला जे कळते त्यातला मोठा वाटा तिचा. जॉर्ज भरती-ओहोटीच्या गणिताचा अभ्यासक झाला. फ्रँक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वडिलांचा चरित्रकार. होरेसने केंब्रिजला वैज्ञानिक उपकरणांचा कारखाना काढला. लेनी लष्करात इंजिनिअर. तिघे भाऊ रॉयल सोसायटीचे फेलो झाले. भुंग्यांच्या वाटांची टिपणे मात्र डार्विनच्या हयातीत छापली गेलीच नाहीत. एका जर्मन शास्त्रज्ञासाठी त्यांचे भाषांतर झाले, ते जर्मनीत डार्विनच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, आणि इंग्रजीत ती टिपणे यायला १९६८ उजाडले.

त्याआधी एक छोटे प्रकाशन झाले होते. बाळाला जाऊन वर्ष व्हायला तीन दिवस कमी असताना, २५ जून १८५९ च्या ‘एंटॉमॉलॉजिस्ट्स वीकली इंटेलिजन्सर’ या कीटकप्रेमींच्या साप्ताहिकात एक टीप आली. डाउन गावच्या हद्दीत तीन दुर्मीळ भुंगेरे मिळाल्याचे तिच्यात नोंदवले होते: लिसिनस सिल्फॉइडिस, क्लायटस मिस्टिकस आणि पॅनॅगीअस. संग्राहक फार लहान आहेत हे तिच्यातच सांगितले होते. मजकूर बापाने लिहून दिला असला, तरी खाली नावे होती फ्रान्सिस, लेनर्ड आणि होरेस डार्विन यांची. शाळेत उत्क्रांतीचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की १८५८ सालाबद्दल बोलताना वॉलेसच्या पत्राबरोबर या टिपेचीही गोष्ट मुलांना सांगा, आणि त्या तिघांची वयेही सांगा: दहा, नऊ आणि आठ.